मोगऱ्याकडे काही गोड बातमी?

आमच्या सोसायटीत उन्हाळा कॅलेंडर बघून लागत नाही, चारशे तीनच्या काकूंचा अंबाडा बघून लागतो. होळी होऊन आठवडा उलटला की एका संध्याकाळी लिफ्टचं दार उघडतं आणि काकूंच्या आधी त्यांचा गजरा बाहेर येतो. बटमोगरा, घरचा, शर्टाच्या बटणासारखा गोल नि घट्ट. मग आख्खा उन्हाळा जिन्यात, भाजीवाल्यापाशी, कुठेही गाठ पडली तरी त्या आवाज खाली आणून विचारणार, "काय गं, आहे का काही?"

हा प्रश्न लग्नानंतर दोन वर्षं मी सासरच्या लग्नमुंजींतून पचवलाय. पण तेव्हा निदान नवऱ्याकडे बघता यायचं. इथे मी आणि कुंडी.

मूळ प्रकरण तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातलं. मोगऱ्याची काडी द्यायला काकू तयार होत्या, पण चोरलेली काडी पटकन लागते यावर त्यांची श्रद्धा. म्हणून त्या मला स्वतःच्या गॅलरीत घेऊन गेल्या, वीतभर काडी कापून कठड्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी तिकडे तोंड करते, तू उचल." मी रीतसर चोरी केली. पाठमोऱ्या अवस्थेतच त्यांनी सूचना दिल्या. दोन डोळे मातीत, दोन वर. पालवी फुटेपर्यंत सावली. पाणी बेताचं.

पाणी मी बेताचं न घालता मायेचं घातलं. पंधराव्या दिवशी काडी काळी पडली. उपटून बघितली तर खालून भिजवलेल्या खारकेसारखी मऊ.

खरं सांगूनच टाकणार होते. पण नेमक्या लिफ्टमध्ये काकू भेटल्या. "माझी काडी काय म्हणते?"

"मजेत आहे," मी म्हटलं. एकदा मजेत आहे म्हटल्यावर दाखवायला काहीतरी हवंच. त्याच संध्याकाळी नर्सरीतून ऐंशी रुपयांचं रोप आणलं, काळ्या पिशवीतलं. "मोगराच ना?" असंही विचारलं. "मोगराच, ताई." या एका शब्दात किती जाती राहतात ते तेव्हा मला कुठे ठाऊक? काकू बघायला आल्या. "पंधरा दिवसांत एवढं?" मी म्हटलं, "तुमच्या हातगुणाचं आहे." त्या इतक्या खूश झाल्या की परतीचे दोर तिथेच कापले गेले.

रोप वाढलं, पण नुसत्या पानांनी. पहिला उन्हाळा गेला, दुसरा गेला. एकशे पाचच्या आजोबांनी कांद्याच्या सालींचं पाणी सांगितलं, दोनशे दोनच्या वहिनींनी आंबट ताक. दोन्ही केलं. गॅलरीला भेळेच्या गाडीचा वास येऊ लागला, फूल नाही. शिवाय सल्ला द्यायला कोणी रिकाम्या हाताने येत नसे. आजोबांनी ऑफिस टाइमच्या काड्या आणल्या. हे फूल सकाळी दहाच्या सुमारास उघडतं, दुपारी मिटतं, आणि काडी नुसती मातीवर टाकली तरी धरते. मला झेपेल असं हे एकच. वहिनींनी मे फ्लॉवरचा कांदा दिला. तो सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या कांद्यांत ठेवला. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं, कारण तो विषारी असतो आणि दुसऱ्या दिवशी पोहे होते.

कुठेतरी वाचलं, फिलिपाइन्सने १९३४ साली मोगऱ्याला राष्ट्रीय फूल केलं. आख्ख्या देशाला जमलं. मला एका कुंडीत जमेना.

शेवटी या संक्रांतीनंतर काकू स्वतःच कात्री घेऊन आल्या. "अगं, याला फुलं येतात ती नव्या फुटीवर. तू जुन्याच फांद्या कुरवाळत बसलीस." त्यांनी झाड निम्म्यावर आणलं, उरलेली पानं ओरबाडली, पाणी तोडलं. चार दिवसांनी शेणखत. "आणि पाच-सहा तास ऊन पाहिजे. गच्चीवर ने." आमची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. कुंडी नवऱ्याने वर नेली आणि त्यानंतर आठवडाभर तो कमरेत वाकून चालत होता. या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवायची संधी मात्र अशी हुकली.

मार्चअखेर कळ्या धरल्या. मी मोजल्या, सतरा. नाचणारच होते, तेवढ्यात नीट पाहिलं. कळ्या गोल नव्हत्या. लांब, टोकदार, मदनाच्या भात्यातल्या. मदनबाण!

मी गच्चीला जाणं-येणं गुप्त केलं. "आहे का काही?" ला "अजून नाही" म्हणू लागले. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी कौतुकाने सगळी फुलं खुडून गौरीपुढे वाटीत ठेवली आणि काकू दारातूनच वासावर आल्या. एक फूल उचललं. फिरवलं. चष्मा वर केला, खाली केला.

"हा माझा नाही."

आंब्याच्या डाळीचे चमचे जागच्या जागी थांबले. पन्हं ओतणाऱ्या वहिनी ओततच राहिल्या. मी हवामान, पुण्याचं पाणी, ताक असं काय काय पुटपुटले. काकूंनी ते फूल नाकाशी नेलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"वास चांगलाय मेल्याला," त्या म्हणाल्या. मग माझ्या कानाशी येऊन, "आषाढात याची एक काडी दे मला. तू तिकडे तोंड कर, मी उचलते."

आषाढात मी तिकडे तोंड केलं. दोन डोळे मातीत, दोन वर, पाणी बेताचं, सगळं पाठमोरंच सांगितलं; काकूंना, ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच. पंधरा दिवसांनी लिफ्टमध्ये भेटल्या.

"माझी काडी काय म्हणते?"

"मजेत आहे," काकू म्हणाल्या आणि मजल्यांचे आकडे बघू लागल्या.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. फाटकाशी रिक्षा थांबली. काकू उतरल्या, इकडेतिकडे बघितलं आणि पदर सावरून भरभर आत आल्या. पदराखाली काळी पिशवी होती आणि पिशवीतून हिरवा शेंडा बाहेर आला होता.