तीन थरांची थरथर

फोटोत तीन थर होते. खाली खारट बिस्किटांचा चुरा, मध्ये पांढरंशुभ्र चीज आणि वर अननसाची पारदर्शक, पिवळी जेली. रेषा अशा की पट्टी लावून आखल्यात. वर लिहिलं होतं 'गोड-खारट', आणि खाली 'तयारी २० मिनिटं'. ही २० मिनिटं ज्याने मोजली त्याची भांडी दुसरं कोणीतरी घासत असणार, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

"आज मी करणार," मी जाहीर केलं. बायकोने चष्म्यावरून पाहिलं.

"अहो, नंतर ओटा कोण पुसणार?"

मी उत्तर देणं टाळलं. कलावंताला असले प्रश्न विचारायचे नसतात.

पहिला थर सोपा. बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने कुटायची, वितळलेलं लोणी घालायचं आणि वाटीच्या बुडाने दाबून बसवायची. पिशवी फाटली, पण थर शेवटपर्यंत इमानी राहिला. म्हणून त्याच्याबद्दल इतकंच.

दुसऱ्या थराने रंग दाखवला. कृतीत क्रीम चीज होतं. चीज म्हणजे चीज, अशा उदार समजुतीने मी आणलं होतं फेटा, म्हणजे खाऱ्या पाण्यात मुरलेलं. एक तुकडा तोंडात टाकला आणि समुद्रात गटांगळी खाल्ल्यासारखं झालं. अशा वेळी माणूस पूर्वजांना शरण जातो. मी दुसऱ्यांच्या पूर्वजांना गेलो. 'कार्थेज उद्ध्वस्त करा' असा धोशा लावणाऱ्या रोमच्या थोरल्या केटोने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात चीज आणि मधाच्या थरांच्या केकची कृती लिहून ठेवली आहे. मेंढीच्या दुधाचं चीज १४ पौंड, मध साडेचार पौंड, आणि चीज पाण्यात भिजवून पाणी ३ वेळा बदलायचं! मीही ३ वेळा बदललं. त्या केकचं नाव प्लासेंटा. गर्भाशयातल्या वारेला हे नाव पुढे या केकवरूनच मिळालं. ही माहिती पाहुण्यांना वाढताना सांगायची असं मी ठरवलं होतं. बायकोने डोळ्यांनीच मना केलं.

मग क्रीम फेटणं. क्रीम थंडगार हवं, हे मी पाळलं. थांबायचं कधी, हे मात्र त्यालाच ठाऊक. आधी पातळ, मग मऊ लाटा, मग फेटणी वर उचलली की टोक उभं राहतं. इथे शहाणा माणूस थांबतो. मी म्हटलं, अजून जरासं. टोक खरबरीत झालं, रंग पिवळट झाला आणि भांड्याच्या तळाला पाणी सुटलं. मी लोणी काढलं होतं. दुसरं क्रीम बायकोने न बोलता पुढे सरकवलं. ते न बोलणंच फार बोलतं.

आता जेली. जिलेटिन गार पाण्यात भिजवलं, फुगू दिलं, हलकंच विरघळवलं. त्यात ताज्या अननसाचा रस आणि फोडी घातल्या आणि सगळं चीजवर ओतून फ्रिजमध्ये ठेवलं. ४ तासांनी भांडं हलवलं. जेली थरथरायला हवी, ही हिंदकळली. रात्री तीनदा उठून पाहिलं. तान्ह्या बाळासाठीही मी इतका उठलो नव्हतो, हे ऐकवायची संधी बायकोने सोडली नाही.

सकाळी मुलीने फ्रिज उघडला. "बाबा, अननस कच्चाच घातलात?"

"ताजा म्हणतात त्याला."

"जिलेटिन म्हणजे प्रोटीन. कच्च्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते प्रोटीन तोडतं. किवी, पपई, सगळ्यांची तीच तऱ्हा. उकळून घेतला असतात तर चाललं असतं. डब्यातला चालतो, तो तापवलेला असतो. नाहीतर अगर-अगर घ्यायचं, ते प्रोटीनच नाही."

एवढं ज्ञान घरात रात्रभर झोपून होतं!

तरी मी हट्टाने भांड्याची बाजूची क्लिप उघडली. कडं सुटलं आणि तिसरा थर दुसऱ्याला सोबत घेऊन ओट्यावरून गॅसच्या दिशेने निघाला. मुलीने बोट बुडवून चाटलं.

"गोड आहे, खारट आहे... आणि कडूपण आहे, बाबा."

ब्रोमेलेनने चीजमधल्या प्रोटीनलाही सोडलं नव्हतं. तळाशी बिस्किटांचा थर तेवढा जागच्या जागी, आखल्यासारखा.

बायको आत आली. ओघळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुंटीवरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं.