मनमाडला इतिहास नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मनमाडवरच्या माझ्या लेखावर तुम्ही घेतलेले आक्षेप थोडक्यात असे. मनमाड हे गाव नाही, गाडी बदलायची जागा आहे. इंग्रजांच्या रेल्वेलाइनचं कौतुक मी गावाचा इतिहास म्हणून मांडलं. खरा इतिहास जवळच्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांवर आहे. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालची १९३८ ची रेल्वे कामगारांची परिषद इथे भरली ती गाड्यांच्या सोयीमुळे, गावाचा तिच्याशी संबंध नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमचे आजोबा मराठवाड्यातून येऊन इथल्या मालधक्क्यावर हमाली करायचे, "आमच्या घरात कसला आलाय इतिहास!" हे शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

अंकाई-टंकाई मलाही प्रिय आहेत. टंकाईची जैन लेणी, वर अगस्तींचं स्थान, १६३५ मध्ये शाहजहानच्या फौजेने घेतलेला किल्ला, या सगळ्यावर लिहायला हवंच. पण किल्ला होता म्हणून मनमाड वाढलं नाही. तसं असतं तर वस्ती किल्ल्याच्या पायथ्याशी वाढली असती. ती वाढली स्टेशनाभोवती.

आता इंग्रजांच्या कौतुकाबद्दल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची लाइन कल्याणला फुटते. एक थळ घाट चढून इगतपुरी, नाशिक, मनमाड, भुसावळकडे जाते, दुसरी बोरघाट चढून पुणे, दौंड, सोलापूरकडे. घाटावर या दोन लाइनींना जोडणारं काहीच नव्हतं. १८७८ मध्ये नगरवरून दौंड-मनमाड लाइन सुरू झाली, सुमारे २३५ किलोमीटरची. मनमाड जंक्शन झालं ते तेव्हा. हे आखणाऱ्याचं श्रेय आखणाऱ्याला. पण सालं नीट पाहा. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ आणि या लाइनीचं मातीकाम दुष्काळी काम म्हणून निघालं होतं. पोटासाठी घर सोडलेल्या बायाबापड्यांनी तो भराव घातला. याच दुष्काळात सरकारने मजुरी कापली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम टाकलं होतं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली होती. त्या भरावावरून आजही गाड्या धावतात. तो इतिहास इंग्रजांच्या नावावर करून टाकायला मी तयार नाही.

पुढे १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातून हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची लाइन मनमाडला येऊन भिडली. ती मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची, आपली ब्रॉडगेज, रुंद रुळांची. एकीचे डबे दुसरीवर चालत नाहीत. म्हणजे मराठवाड्याचा कापूस, धान्य, जे काही मुंबईकडे निघेल ते मनमाडला एका वॅगनमधून उतरवायचं आणि दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचं. माणसं अजंठा एक्सप्रेसमधून उतरून फलाट बदलायची, मालाला पाय नव्हते. तो माणसांच्या पाठीवरून जायचा. १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत दोन गेजांमधलं हे अंतर हमालांनी भरून काढलं. अहो, तुमचे आजोबा या शहराच्या अगदी मुळाशी होते! स्टेशन बांधणाऱ्या इंजिनियरपेक्षा मला तेच अधिक महत्त्वाचे वाटतात, कारण इंजिनियर निघून गेला आणि ते इथे राहिले. अन्न महामंडळाची प्रचंड गोदामं मनमाडला आली, पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना इथे आहे, यामागेही जंक्शन आहे आणि कामाला सरावलेले हात आहेत. गुरुद्वाराही इथे आहे आणि नांदेडला निघालेले शीख यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या याच फलाटांवरून पुढे जातात.

परिषदेबद्दल मात्र मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी इथेच सांगितलं. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. आणि ते हवेतलं बोलले नाहीत. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा मजूर, म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची जागाही त्याला क्वचितच मिळते, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि सवर्ण मास्तरला ते चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो कुलीच राहतो. हे सगळं मनमाडच्या रेल्वे वसाहतीचं रोजचं जगणं होतं. गाड्या सोयीच्या होत्या हे खरंच, पण जिथे गाड्या एकत्र येतात तिथेच त्या चालवणारी माणसंही एकत्र येतात. परिषद मनमाडला होणं हा योगायोग कसा?

मनमाडला प्यायला पाणी नाही हा मुद्दाही तुम्ही काढलात, तो पूर्ण मान्य. रेल्वेने मनमाडला पोट दिलं, पाणी दिलं नाही. शहराला पाणी देणारं वागदर्डी धरण आटलं की पंधरा-वीस दिवसांनी नळ येतो हे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. शहर तालुक्यात सगळ्यांत मोठं आणि तालुक्याचं ठिकाण नांदगाव. आता २०२४ मध्ये मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या लाइनीला मंजुरी मिळाली आहे. आनंद आहेच, पण त्या लाइनीने आणखी माणसं येतील तेव्हा ती पिणार काय, हे आत्ताच विचारायला हवं.

एक विनंती आहे. आजोबा कोणत्या गावाहून आले, त्यांच्या टोळीत कोण होतं, मजुरी पोत्यावर मिळायची की दिवसावर, पाठीवर काय बांधायचे, घरात जे कुणाला आठवत असेल ते लिहून पाठवा. मालधक्क्यावर मला स्वतंत्र लेख लिहायचा आहे आणि तुमची हरकत नसेल तर त्याची सुरुवात तुमच्या मजकुरानेच करीन.