दुःशलेचं काय झालं, ते व्यासांनी लिहून ठेवलंय

नाशिकच्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं, की महाभारताचं युद्ध संपलं आणि व्यासांनी छोट्या पात्रांना वाऱ्यावर सोडलं. दुःशला, कौरवांच्या विधवा, युयुत्सू, उलूपी, संजय, कर्णाची मुलं यांचं पुढे काय झालं, याची ग्रंथात एक ओळही नाही. अश्वत्थामा तेवढा कलियुगाच्या अंतापर्यंत भटकत राहणार. शिकलेसवरलेले लोक हे ‘अगदी खरं’ म्हणून पुढे ढकलताहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

महाभारताची पर्वं 18. लढाई सौप्तिकपर्वात संपते, ते दहावं. म्हणजे स्त्रीपर्वापासून पुढची आठ पर्वं युद्धानंतरचीच आहेत. पण आपल्यातल्या बहुतेकांचं महाभारत 1988 ते 1990 या काळात दूरदर्शनवर पाहिलेलं, आणि ती मालिका भीष्मांच्या देहत्यागापाशी थांबली. मालिका थांबली तिथे व्यासही थांबले, असं आपण धरून चाललो.

आता दुःशलेचं घ्या. शंभर कौरवांची एकुलती बहीण, नवरा सिंधुदेशाचा राजा जयद्रथ अर्जुनाच्या हातून मेलेला. ‘त्यानंतर ती गायबच’, असं मजकूर म्हणतो. आश्वमेधिकपर्व उघडून बघा. अश्वमेधाच्या घोड्यामागून अर्जुन सिंधुदेशात येतो. जयद्रथाचा राग मनात धरून सैंधव त्याच्यावर तुटून पडतात. लढाई ऐन भरात असताना दुःशला रथातून थेट रणात येते, मांडीवर नातवाला घेऊन. तिला बघताच अर्जुन गांडीव खाली ठेवतो. ती म्हणते, हा तुझ्या भाच्याचा मुलगा, तुला नमस्कार करतोय. अर्जुन विचारतो, याचा बाप कुठे आहे? तेव्हा ती सांगते, की जयद्रथाच्या मरणानं माझा मुलगा सुरथ आधीच खचला होता, त्यात तू आलास एवढं ऐकलं आणि तो जागच्या जागी कोसळून गेला. त्याला तसा पडलेला बघून मी या पोराला उचललं आणि तुझ्याकडे आले. दुर्योधनाला विसर, जयद्रथालाही विसर, पण या पोरावर दया कर. जसा अभिमन्यूचा परीक्षित, तसा सुरथाचा हा. अर्जुन तिला जवळ घेतो, समजूत घालून घरी पाठवतो. यज्ञ आटोपल्यावर युधिष्ठिर त्या बाळाला सिंधूच्या गादीवर बसवतो. सगळ्या महाभारतात मला सर्वांत जास्त हलवणारा हा प्रसंग आहे, आणि त्याबद्दल आपण ‘एक ओळही नाही’ असं बिनदिक्कत लिहितो!

कौरवांच्या विधवाही हरवलेल्या नाहीत. आश्रमवासिकपर्वात पांडव धृतराष्ट्राला भेटायला वनात जातात, तेव्हा संजय तिथल्या तपस्व्यांना एकेकाची ओळख करून देतो. द्रौपदी, सुभद्रा, उलूपी, चित्रांगदा, उत्तरा झाल्यावर तो पांढरी उत्तरीयं घेतलेल्या स्त्रियांकडे वळतो आणि सांगतो, या धृतराष्ट्राच्या सुना, शंभराहून जास्त, पती आणि पुत्र गमावलेल्या. पुढे व्यास एका रात्रीपुरतं सगळ्या मेलेल्यांना गंगेतून वर आणतात. सकाळी ते परत जायला निघतात, तेव्हा ज्यांना पतीबरोबर जायचंय त्यांनी पाण्यात उतरावं, असं व्यास सांगतात आणि त्या स्त्रिया उतरतात. हा शेवट आज आपल्या पचनी पडत नाही, माझ्याही पडत नाही. पण न पटणं वेगळं आणि लिहिलंच नाही म्हणणं वेगळं.

बाकीच्यांची उत्तरं सरळ आहेत. पांडव महाप्रस्थानाला निघतात, तेव्हा गादी परीक्षिताला आणि राज्याचा सांभाळ युयुत्सूकडे, म्हणजे धृतराष्ट्राच्या दासीपुत्राकडे. कृपाचार्य परीक्षिताचे गुरू होतात. अर्जुनाच्या बायकांपैकी उलूपी गंगेत शिरते, चित्रांगदा मणिपूरला परतते. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वणव्यात जातात. संजय त्यातून वाचतो, तपस्व्यांना बातमी सांगतो आणि हिमालयाकडे निघून जातो.

अश्वत्थाम्याचा शापही मजकुरात चुकलाय. सौप्तिकपर्वात कृष्ण मुदत सांगतो ती तीन हजार वर्षांची. कलियुगाचा अंत मागाहून चिकटला. आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबारच्या सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रा भरते. तिथे जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा लोकांनी जपलाय. ती श्रद्धा त्यांची आहे आणि मला तिचा आदर आहे. फक्त ती व्यासांच्या नावावर खपवू नये.

राहिली कर्णाची मुलं. वृषसेनाला अर्जुनानं सतराव्या दिवशी मारलं, दुसऱ्या दिवशी आणखी तिघे नकुलाच्या हातून गेले. अर्जुनाबरोबर घोड्यामागे जाणारा कर्णपुत्र वृषकेतू व्यासांचा नाही, जैमिनीच्या ‘अश्वमेध’ या वेगळ्या ग्रंथातला. पण एवढ्यावर भागत नाही, कारण हा प्रश्न खुद्द ग्रंथातच विचारलेला आहे. अगदी शेवटच्या स्वर्गारोहणपर्वात परीक्षिताचा मुलगा जनमेजय, त्याला ही सगळी कथा सांगणाऱ्या वैशंपायनांना नावं घेऊन विचारतो: विराट, द्रुपद, शंख, उत्तर, शकुनी, कर्णाचे पुत्र, जयद्रथ, घटोत्कच, यांचं पुढे काय झालं? एवढी कथा ऐकून झाल्यावर त्या राजाला बारक्यासारक्यांची आठवण राहते आणि वैशंपायन त्याला उत्तर देतात.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे, आणि ती नेमकी त्या मजकुरात नाही. जनमेजयाच्या यादीत घटोत्कच आहे, त्याची आई हिडिंबा नाही. शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा तपोवनात आपण पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. हिडिंबाही राक्षसीच, पण तिनं पांडवांना पोटचा मुलगा दिला आणि तो त्यांच्यासाठी मेला. त्यानंतर व्यास तिच्याविषयी काहीही सांगत नाहीत. मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर बाकीची नावं खोडून तिचं एक घाला.