पोराला पत्रकारच करा

बारावी झालेला पोरगा पहाटे पाचला उठून अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळायला लागला, की ओळखा, पोरगं हातचं चाललं. वेळीच आवरा. पोलीस भरती म्हणजे १६०० मीटर धावा, गोळा फेका, छाती ७९ सेंटीमीटर भरवा, वर ५ फुगवून दाखवा. आणि एवढं करून शिपायाला मूळ वेतन किती? २१,७०० रुपये. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. शिवाय हा पगार दर महिन्याला येतो! अशा सवयी तरुण वयात लागू नयेत.

त्यापेक्षा पत्रकारिता बघा. इथं छाती कुणी मोजत नाही. पदवी घ्या, वर डिप्लोमा घ्या आणि साताऱ्यात प्रतिनिधी म्हणून लागा. पगार हा शब्द काढू नका, त्याला मानधन म्हणतात. मान ते देतात, धन तुम्ही आणायचं. म्हणजे नेत्याच्या वाढदिवसाआधी आठ दिवस त्याच्या बंगल्याच्या पायरीवर बसून अर्ध्या पानाची जाहिरात मिळवायची. 'आधारवड' की 'झंझावाती नेतृत्व' हे तुम्हीच सुचवायचं. बिल वसूल झालं की कमिशन. नेता पडला की बिलही पडलं. माझी दोन बिलं अशी अजून पडून आहेत. त्यातला एक झंझावात तर फोनही उचलत नाही.

आता कायदा नाही असं मात्र म्हणू नका. श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदा होता. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. अडचण एवढीच, की कागदावर आपण अर्धवेळ वार्ताहर असतो. अर्धवेळ म्हणजे सकाळी सातच्या अपघातापासून रात्री पान सुटेपर्यंत.

शिवाय ६ जानेवारी आपली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, त्याबद्दल दरवर्षी आपल्याला गुलाबाचं फूल आणि डायरी मिळते. डायरी कोरी असते. मी तिच्यात पेट्रोलची उधारी लिहितो.

परवा पोवई नाक्यावर बंदोबस्त होता. ओळखीचा हवालदार सकाळपासून उभा, मीही उभा. चहा त्यानंच पाजला. सुट्ट्या रद्द, बारा-बारा तास ड्युटी, पोराच्या क्लासची फी, सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "साहेब, या पगारात भागत नाही हो आमचं. तुम्ही लिहा की कायतरी."

लिहिलं. तीन कॉलम लागली. तसा माझा हिशेब बातमीवर आहे, कॉलमवर नाही, पण मथळा झकास होता: 'तुटपुंज्या पगारात पोलिसांची परवड'. कात्रण त्यानं घरी फ्रेम करून लावलंय. माझ्याकडं अंक नाही; गेल्या दोन महिन्यांचं पेपरचं बिल थकलंय म्हणून पोऱ्यानं टाकायचं बंद केलंय.