आधी ईए, मग रॉम

लेखात ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग जोडायच्या पाटीवर) ६५०२ प्रोसेसरचा संगणक बनवणं छान समजावलंय, पण रॉम (प्रोग्राम साठवणारी चिप) पहिल्याच दिवशी बसवायला सांगितलंय ते पटलं नाही. आधी नुसता प्रोसेसर तपासा. डी७ ते डी० या डेटाच्या पिनांना प्रत्येकी १ किलोओहमच्या रेझिस्टरने ५ व्होल्ट किंवा ग्राउंड देऊन १११०१०१० पक्कं करा. हे हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) ईए, म्हणजे प्रोसेसरला 'काही करू नकोस' ही आज्ञा. क्लॉकचा एकेक ठोका हाताने द्या. रीसेट सुटल्यावर सातआठ ठोक्यांत एफएफएफसी आणि एफएफएफडी हे पत्ते वाचले जातात (सुरुवात कुठून करायची ते तिथे असतं, इथे दोन्हीकडे ईएच मिळतं), मग ईएईएपासून पत्ता दर दोन ठोक्यांना एकाने वाढतो. तसं झालं नाही तर बहुधा आरडीवाय, आयआरक्यू, एनएमआय किंवा बीई ही नियंत्रणाची पिन लोंबकळतेय, कशालाच जोडलेली नाही. त्या सगळ्या ५ व्होल्टला बांधा.

हातठोक्यासाठी ६५०२ची नवी आवृत्ती डब्ल्यू६५सी०२एसच हवी. जुन्या एनएमओएस (आधीच्या चिप-तंत्राच्या) ६५०२चं क्लॉक थांबवलं की आतली रजिस्टरं विसरतात. शिवाय त्याची पिन १ ग्राउंड असते, नव्याची मात्र आउटपुट. जुना नकाशा बघून ती ग्राउंड केलीत तर शॉर्ट!

३२ केबी रॉम ८००० (हेक्स) या पत्त्यापासून असेल तर रीसेटनंतर सुरू व्हायचा पत्ता रॉममध्ये भरायच्या फाइलमध्ये ७एफएफसीवर, आधी ०० मग ८०. उलटं लिहिलं की प्रोग्राम ००८०ला, म्हणजे रॅममधल्या कचऱ्यात उडी मारतो.

सीरियलला (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीला) डब्ल्यू६५सी५१एन ही चिप घेणार असाल तर तिचा 'पाठवून झालं' हा बिट कायम १च दाखवतो, त्यावर विसंबू नका. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) प्रत्येक अक्षरानंतर १.१ मिलिसेकंद थांबा.