काजूला काही करावं लागत नाही, हे म्हणणं आता सोडा

काजू मूळचा ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. नावही त्यांच्याच भाषेतून आलं, आणि त्यांनी ते तिथल्या तुपी लोकांकडून उचललेलं. वाळूत वाढणारं हे झाड आपल्या जांभ्यावरही रुजलं, म्हणून ‘वरकस जमिनीत लावा आणि विसरा’ असा समज झाला. झाड तगतं हे खरं, पण तगणं वेगळं आणि पिकणं वेगळं.

काजूचा मोहोर येतो नव्या पालवीच्या शेंड्यावर, तोही जिथे ऊन पोचतं तिथेच. फांद्या एकमेकींत घुसल्या की आतलं झाड नुसतं लाकूड वाढवतं. म्हणून कलमं ७ × ७ मीटरवर लावा, हेक्टरी साधारण २०० बसतात. बियांपासून वाढवलेली रोपं नकोत. परपरागीकरणामुळे प्रत्येक झाड वेगळं निघतं. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या जातीचं कलम घ्या; ७ ची एक बी साधारण १० ग्रॅमची भरते. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. जोडावरची प्लास्टिकची पट्टी वेळेत काढली नाही, तर ती खोडात रुतते. जोडाखालून येणारी फूट दिसेल तेव्हा खुडा, नाहीतर खुंटच (ज्यावर कलम बांधलं ते खालचं रोप) वर जातो आणि कलम मरतं. असं बिघडलेलं झाड पाच वर्षांनी ओळखू येतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

चौथ्या वर्षापासून ऑगस्टमध्ये झाडाला साधारण २ किलो युरिया, दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट, ४०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि शेणखत द्या. खोडाशी ओतू नका, फांद्यांच्या टोकाखाली चर काढून त्यात घाला.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीमुळे. ‘धुक्यानं मोहोर जळाला’ असं लोक म्हणतात, पण एक तुरा हातात घेऊन बघा. कोवळ्या दांड्यावर काळपट लांबट डाग आणि डिंकाचा बारीक थेंब दिसला, तर किडीनं रस शोषलाय. ढगाळ हवेत ती वाढते. मोहोर करपल्यावर फवारून उपयोग नाही. पहिली फवारणी पालवी फुटताना, दुसरी मोहोर येताना, तिसरी फळधारणेला. मोहोराची फवारणी संध्याकाळी करा, मधमाश्या तेव्हा फुलांवर नसतात.

बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की खोडकिडा आलाय. पटाशीनं साल तासून अळी बाहेर काढा. मेलेलं झाड बागेत ठेवू नका, तिथूनच तो शेजारच्या झाडात जातो.