आजारी माणसाची कवटी की वेगळी प्रजाती? डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या बुटक्या मानवाबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याला चार ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना. म्हणून वेगळं लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही ऐरोलीत तीस वर्षं हाडांचे डॉक्टर होता. वाकलेली, खुरटलेली, आजाराने आकार बदललेली हाडं तुम्ही हातात घेऊन पाहिली आहेत. गुहेत सापडलेल्या एका ठेंगण्या बाईच्या सांगाड्यावरून माणसाची नवी प्रजाती जाहीर करणं तुम्हाला उतावळेपणाचं वाटतं, कारण ती मायक्रोसेफलीची, म्हणजे डोकं आणि मेंदू नीट न वाढण्याच्या विकाराची, रुग्णही असू शकते. संशोधकांना नवं नाव देण्याची हौस असते, असंही तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी विचारलंत, की आपल्या नर्मदेकाठी सापडलेल्या कवटीबद्दल या बाईंनी एक अक्षर का लिहिलं नाही?

शेवटचा प्रश्न मला लागला, कारण तो खरा आहे. त्याकडे येतेच.

आधी आजाराबद्दल. तुमची शंका क्षुल्लक नाही. आधुनिक पॅथॉलॉजीचा पाया घालणाऱ्या रुडॉल्फ फिरखोवनेही अशीच शंका घेतली होती. 1856 मध्ये जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीत कवटीचा वरचा भाग आणि काही हाडं सापडली. 1864 मध्ये विल्यम किंगने त्यांना होमो निअँडरथालेन्सिस हे नाव दिलं. फिरखोवने मात्र हाडं तपासून सांगितलं, की हा आपल्यासारखाच माणूस, लहानपणी मुडदूस झालेला, म्हातारपणी सांधेदुखीने वाकलेला. त्याच्या काळापुरतं ते तर्काला धरूनच होतं. एकुलत्या एका सांगाड्याबद्दल असं नेहमीच म्हणता येतं. पण 1886 मध्ये बेल्जियममधल्या स्पी गुहेत तशाच ठेवणीचे आणखी दोन सांगाडे मिळाले. वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांना एकच मुडदूस होऊन सगळ्यांच्या भुवयांवर तोच जाड कंगोरा येईल, हे कुणाला पटणार?

म्हणून या वादात मी पहिल्या हाडापेक्षा दुसऱ्या हाडाची वाट बघते. फ्लोरेसला दुसरं हाड मिळालं आहे, आणि माझ्या लेखात नेमकं तेच नीट मांडायचं राहून गेलं.

2003 मध्ये लिआंग बुआ गुहेत मिळालेल्या त्या बाईची उंची साधारण 106 सेंटिमीटर. मेंदूचं आकारमान जेमतेम 400 घन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या एक तृतीयांशाहूनही कमी. 2004 मध्ये होमो फ्लोरेसिएन्सिस या नव्या प्रजातीची घोषणा झाली, आणि इंडोनेशियाचे ज्येष्ठ मानवशास्त्रज्ञ तेउकू जेकब यांनी अगदी तुमचाच आक्षेप घेतला. पुढच्या दहा वर्षांत मायक्रोसेफली, वाढीच्या संप्रेरकाचा परिणामच न होणारा लॅरॉन सिंड्रोम, थायरॉइडअभावी होणारं क्रेटिनिझम, डाउन सिंड्रोम अशी एकामागून एक निदानं सुचवली गेली. डॉक्टर, यातले रुग्ण तुम्ही पाहिलेले असतील, म्हणून तुम्हालाच विचारते. यातल्या कोणत्या आजारात मनगटातल्या ट्रॅपेझॉइड हाडाचा आकारच बदलून वानरासारखा पाचरीचा होतो? तुमच्या-माझ्या मनगटात आणि निअँडरथालच्याही मनगटात ते हाड बुटासारख्या आकाराचं असतं. फ्लोरेसच्या बाईचं तसं नाही, हे मॅथ्यू टोचेरी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं. या हाडाचा आकार गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच ठरून जातो, त्यामुळे नंतरच्या वाढीतल्या बिघाडावर ते ढकलता येत नाही. 2013 मध्ये त्याच गुहेतल्या दुसऱ्या व्यक्तीची मनगटाची हाडं प्रसिद्ध झाली, तीही तशीच. त्या बाईचं पाऊल तिच्या मांडीच्या हाडाच्या 70 टक्के लांब आहे. आपलं 55 टक्क्यांच्या आसपास असतं. आपल्याला असते तशी हनुवटी तिच्या जबड्याला नाही, आणि गुहेत सापडलेल्या दुसऱ्या जबड्यालाही नाही.

आणि मग माता मेंगे हे ठिकाण. लिआंग बुआपासून सत्तरेक किलोमीटर पूर्वेला, त्याच बेटावर, 2014 मध्ये जबड्याचा एक तुकडा आणि काही दात मिळाले. वय सुमारे 7 लाख वर्षं, आणि आकाराने गुहेतल्या बाईच्या जबड्याहूनही किंचित लहान. 2024 मध्ये तिथल्याच एका प्रौढ व्यक्तीच्या दंडाच्या हाडाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्या व्यक्तीची उंची जेमतेम एक मीटर निघते. गुहेतली हाडं सुमारे 1 लाख ते 60 हजार वर्षांपूर्वीची. मधे सहा लाख वर्षं गेली. इतका काळ एकाच बेटावर एकच आजार पिढ्यान्‌पिढ्या चालला, असं तुम्ही म्हणणार नाही याची मला खात्री आहे.

इथे तुमच्या घराजवळचंच एक उदाहरण देते. मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी फेब्रुवारीत मुलांना घेऊन ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला येते. मोठा फ्लेमिंगो आणि छोटा फ्लेमिंगो एकाच चिखलात शेजारी-शेजारी चरत असतात. पहिल्यांदा आलेली मुलं हमखास म्हणतात, "मॅडम, ती छोटी म्हणजे पिल्लं ना?" मग मी दुर्बीण त्यांच्या हातात देते आणि चोच बघायला सांगते. छोट्याची चोच गडद किरमिजी, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. चोचीतली गाळणी वेगळी, म्हणून खाणं वेगळं. खरी पिल्लं तर करड्या रंगाची असतात. फक्त उंचीवर थांबलं तर "पिल्लू" हे उत्तर बरोबरच वाटतं. फ्लोरेसच्या बाबतीतही कवटीच्या आकारावरच थांबलं तर "आजारी" हे उत्तर पटतं. मनगट पाहिलं की पटत नाही.

नव्या नावाच्या हौसेबद्दल तुमच्याशी मी बरीचशी सहमत आहे. चीनमधल्या हार्बिनच्या कवटीला 2021 मध्ये होमो लाँगी असं नाव मिळालं. 2025 मध्ये तिच्यातली प्रथिनं आणि दातांवरच्या किटणातला डीएनए तपासल्यावर तिचं नातं डेनिसोव्हन या नामशेष मानवगटाशी जुळलं. पण याच डेनिसोव्हनांचा डीएनए सैबेरियातल्या बोटाच्या एका लहानशा हाडातून 2010 मध्ये मिळाला तेव्हा संशोधकांनी प्रजातीचं नाव द्यायचं टाळलं होतं. हाताशी आख्खा जनुकसंच असूनही. तेव्हा सगळ्यांना एका मापाने मोजू नका, एवढीच विनंती. फ्लोरेसच्या हाडांतून डीएनए काढायचे प्रयत्न झाले, पण त्या उष्ण, दमट हवेत तो टिकलेला नाही. तिथे हाडांच्या ठेवणीवरच निर्णय करावा लागतो.

आता नर्मदा. 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात, होशंगाबादजवळच्या हथनोरा गावी, नदीकाठच्या थरात कवटीचा उजवा भाग मिळाला. मी हे लेखात घ्यायला हवं होतं. मराठीत मानवाच्या उत्क्रांतीवर लिहायचं आणि भारतीय उपखंडातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जीवाश्माचं नावही घ्यायचं नाही, ही माझी चूकच. सोनकियांनी तिला होमो इरेक्टस नर्मदेन्सिस म्हटलं, म्हणजे होमो इरेक्टस या आपल्याहून जुन्या मानवप्रजातीची उपप्रजाती. 1991 मध्ये केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी ती पुन्हा मोजून सांगितलं, की ही आद्य होमो सेपियन्स, म्हणजे आपल्याच प्रजातीचं जुनं रूप म्हणावी. तेव्हापासून ती या दोन नावांमध्ये अडकली आहे. चेहरा नाही, जबडा नाही, एकही दात नाही. कवटी नदीने वाहून आणलेल्या गोट्यांच्या घट्ट थरात मिळाल्यामुळे नेमकं वयही ठरत नाही. हथनोऱ्यातच पुढे मानवशास्त्रज्ञ संख्यान यांना एक कॉलरबोन मिळालं, तेही बऱ्याच ठेंगण्या व्यक्तीचं. पण कवटी आणि ते हाड एकाच समूहातले होते का, हे एवढ्याशा पुराव्यावर कसं सांगणार?

"आपली ती वर्षानुवर्षं दुर्लक्षित, त्यांची ती नवी प्रजाती" असं तुम्ही लिहिलंत, त्यामागची कळकळ मला समजते. मलाही वाटतं. पण फ्लोरेसला नाव टिकवता आलं ते तिथे वर्षानुवर्षं तीच गुहा थराथराने खणली गेली म्हणून. नर्मदेच्या कवटीला दुसरी कवटी मिळालेली नाही. आज तिला मी नवी प्रजाती म्हटलं, तर तुमचा पहिला आक्षेप मला तिथे जसाच्या तसा लागू होईल, आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

मूळ लेखात मी "आता सगळा वाद संपला" असं लिहिलं होतं. ते वाक्य आज काढलं. त्या जागी आता आहे: "ही हाडं आजारी माणसांची नाहीत, हे बहुतेक संशोधकांना मान्य आहे. मात्र हे लोक बेटावर ठेंगणे होत गेलेल्या होमो इरेक्टसचे वंशज, की त्याच्याही आधीच्या एखाद्या लहान मेंदूच्या मानवाचे, यावर वाद चालू आहे." त्याखाली हथनोऱ्यावर दोन परिच्छेद जोडले आहेत. ते वाचून कुठे हाडांबद्दल चुकले असेन तर सांगा. आणि फेब्रुवारीत खाडीवर आमच्याबरोबर याल का? मनगटाच्या हाडांबद्दल मुलांना माझ्यापेक्षा तुम्ही कितीतरी चांगलं सांगाल.